तुरुंगातील नियम कोणासाठी?

कैद्याला मिळणारी नातेवाइकांची भेट, केलेल्या कामाची मजुरी, रजा आणि शिक्षेतील माफी या गोष्टींकडे समाज सहसा सवलती म्हणून पाहतो, आणि सवलत देणाऱ्याने ती वाटेल तेव्हा काढून घ्यावी यात त्याला काही वावगे दिसत नाही. या मताच्या पाठीशी चार युक्तिवाद उभे केले जातात. पहिला असा, की गुन्हा करणाऱ्याने स्वतःच्या कृत्याने आपले हक्क गमावलेले असतात. दुसरा असा, की रजा हा हक्क नाही, हे खुद्द नियमांतच लिहिलेले आहे. तिसरा असा, की कैद्याविषयीची आस्था म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याविषयीची अनास्था. आणि चौथा, जो उघडपणे क्वचितच बोलला जातो तो असा, की हा प्रश्न मूठभर गुन्हेगारांचा असून सरळमार्गी माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. कारागृहाचे नियम शासनाच्या सत्तेची हद्द आखतात, न्यायालयाने दिलेली शिक्षा किती आणि तिच्यापलीकडे कारागृहाने काय करू नये हे सांगतात, आणि म्हणूनच त्यांचा मजकूर कैद्याच्या हाती असणे ही न्यायाची गरज आहे.

चौथा युक्तिवाद आधी तपासला पाहिजे, कारण बाकीचे तिन्ही त्याच्या आधाराने उभे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे 76 टक्के न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांच्यावरील खटल्याचा निकाल लागायचा आहे असे, बोलीभाषेत ‘कच्चे कैदी’ होते. दोष सिद्ध झालेला ‘पक्का कैदी’, ज्याला कायदा सिद्धदोष बंदी म्हणतो, तो तुरुंगात अल्पसंख्य आहे. बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्याला न्यायालयीन कोठडी मिळून तो येरवडा मध्यवर्ती कारागृहात गेला, तर त्याच्या घरच्यांना ‘मुलाखती’साठी, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या भेटीसाठी, बारामतीहून सुमारे शंभर आणि इंदापूरहून सव्वाशेहून अधिक किलोमीटर जावे लागते, मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाचा त्यात दिवसाचा रोजगार बुडतो, वर एसटीचा खर्च होतो, आणि हे सारे कायद्याच्या दृष्टीने अद्याप निर्दोष असलेल्या माणसासाठी सोसावे लागते. 1894 च्या कारागृह अधिनियमाने हा भेद ओळखला होता: कच्च्या कैद्याला पक्क्या कैद्यापासून वेगळे ठेवावे, त्याला स्वखर्चाने बाहेरून अन्न, कपडे व अंथरूण आणण्याची मुभा असावी आणि वकिलाशी तिसऱ्या माणसाच्या अनुपस्थितीत बोलता यावे, असे त्या परकीय राजवटीच्या कायद्यातही लिहिलेले आहे. तेव्हा कारागृहाचे नियम मूठभर गुन्हेगारांसाठी असतात हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. ज्याच्यावर उद्या एखादी फिर्याद होऊ शकते अशा प्रत्येक नागरिकाचे ते नियम आहेत.

हक्क गमावल्याचा पहिला युक्तिवाद न्यायालयांनी फार पूर्वीच अमान्य केला आहे. केवळ दोषी ठरल्यामुळे माणूस सर्व मूलभूत हक्कांना मुकत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये भुवनमोहन पटनाईक प्रकरणात मांडले. त्याहून अधिक बोलके प्रकरण महाराष्ट्रातच घडले होते. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध असलेल्या, म्हणजे खटल्याविना अटकेत ठेवलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक तेथे लिहिले आणि त्याचे हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. शासनाने ती नाकारली आणि पुढे असा बचाव केला, की स्थानबद्धाला काय करता येईल ते नियमांत सांगितलेले असून त्यांत पुस्तक प्रसिद्ध करणे बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये हा बचाव फेटाळला: बंधन घालायचे असेल तर त्याला नियमाचा आधार दाखवला पाहिजे, आणि जिथे नियमाने मनाई केलेली नाही तिथे अधिकाऱ्याच्या इच्छेने मनाई होऊ शकत नाही. या निकालातील विचार पहिल्या युक्तिवादाचा पायाच काढून घेतो, कारण भिंतीच्या आत माणसाचे स्वातंत्र्य शून्यापासून सुरू होत नाही. कायद्याने जेवढे काढून घेतले तेवढेच जाते आणि उरलेले त्याच्याकडेच राहते.

दुसरा युक्तिवाद अधिक बळकट आहे आणि तो टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात कैद्यांच्या रजेचे नियमन 1959 चे संचित रजा व अभिवचन रजा नियम करतात. संचित रजा म्हणजे फर्लो: ठरावीक काळ शिक्षा भोगलेल्या पात्र कैद्याला विशेष कारण न दाखवताही ती मागता येते आणि रजेचे दिवस भोगलेल्या शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल: जवळच्या नातेवाइकाचे आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी ती दिली जाते आणि ते दिवस शिक्षेत मोजले जात नाहीत. या नियमांतील सतरावा नियम फर्लोवर कैद्याचा कायदेशीर हक्क निर्माण होत नाही असे स्पष्ट सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2021 मध्ये नारायण साई प्रकरणात याच नियमांचा अर्थ लावताना फर्लो हा निरपवाद हक्क नाही असे म्हटले. मात्र यातून निघणारा निष्कर्ष विरोधक समजतात त्याहून लहान आहे. रजा मिळण्याचा हक्क नसणे ही एक गोष्ट आणि रजेच्या अर्जाचा निर्णय नियमात सांगितलेल्या कारणांवरच होण्याचा हक्क ही दुसरी गोष्ट. पहिला नाकारल्याने दुसरा नाहीसा होत नाही. त्याच निकालाने फर्लोचा हेतूही सांगितला आहे, तो असा, की दीर्घ कारावासाची एकसुरी कोंडी फुटावी आणि कुटुंबाशी असलेला धागा तुटू नये. भिगवण, वालचंदनगर किंवा बारामती तालुका पोलीस ठाण्याच्या हद्दीतील कैद्याने अर्ज केला, तर त्या ठाण्याचा चौकशी अहवाल आणि जामीनदार यांवर बरेच काही अवलंबून असते. अशा वेळी ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल’ एवढ्या एका वाक्यावर अर्ज निकालात निघाला, तर तिथे अधिकाराचा वापर झाला असे म्हणता येणार नाही, विचार करण्याचे तेवढे टाळले गेले.

तिसरा युक्तिवाद फिर्यादीच्या नावाने केला जातो, आणि त्यामागची वेदना खरी आहे. परंतु कैद्याला नियमबाह्य त्रास झाल्याने फिर्यादीला काहीही परत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये गुजरातच्या प्रकरणात असा मार्ग दाखवला, की सक्तमजुरी करणाऱ्या कैद्याला न्याय्य मजुरी द्यावी आणि तिचा काही भाग गुन्ह्याची झळ पोचलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा. कैद्याच्या श्रमाला मोल दिले तरच भरपाई शक्य होते, म्हणजे या ठिकाणी दोघांचे हित एकाच नियमात आहे. समाजाच्या सुरक्षिततेबाबतही हेच दिसते. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मोकळी वसाहत उभारून कैद्यांना कुटुंबासह शेती करू दिली. मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून आलेल्या या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा मिळाली, आणि खुल्या कारागृहांची कल्पना महाराष्ट्रात पुढे रुजली. जो माणूस आज ना उद्या गावी परतणार आहे, तो शेती करत परतावा की सूड घोकत परतावा, याची निवड गावाच्या हिताचीच असते.

याउलट बाजूने येणारा एक आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. वसाहतकाळातील हे नियम स्वतःच अन्यायी असतील, तर त्यांचे मंडन कशासाठी? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. कैद्यांना जातीनुसार काम वाटून देणाऱ्या आणि विमुक्त जमातींकडे जन्मतः संशयाने पाहणाऱ्या तरतुदी अनेक राज्यांच्या कारागृह नियमपुस्तिकांत स्वातंत्र्यानंतरही टिकून होत्या. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण बारामती-इंदापूर भागातील पारधी वस्त्यांवर चोरी झाली की आधी बोट दाखवण्याची सवय त्यासोबत रद्द झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता प्रकरणात अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कारागृहाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. मात्र हा निकाल शक्य झाला तो अन्याय लिखित असल्यामुळे. लिहिलेला वाईट नियम न्यायालयात नेऊन पाडता येतो, न लिहिलेली वहिवाट मात्र पकडीतच येत नाही. म्हणून नियमांचे दोष हे नियम उघड करण्याचे आणखी एक कारण ठरतात.

आता मंडनाचा भाग. पहिली गरज नियम कैद्यापर्यंत पोचण्याची आहे. 1894 च्या अधिनियमाचे कलम 61 नियमांच्या प्रती इंग्रजीत व देशी भाषेत लावण्यास सांगते, पण कुठे, तर कारागृहातील कर्मचाऱ्यांना पाहता येतील अशा जागी. ज्याच्यावर ते चालतात त्याचा तिथे उल्लेख नाही. ही उणीव ओळखून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1979 मध्ये सुनील बत्रा प्रकरणात दिल्लीच्या कैद्यांसाठी हिंदीत हक्कपुस्तिका काढण्याचा आदेश दिला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांनी तर प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाला त्याला समजेल अशा भाषेत नियम लेखी द्यावेत, निरक्षराला तोंडी सांगावेत, असे ठरवले.

दुसरी गरज जामिनाची आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 असे सांगते, की फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर कमाल शिक्षेचा अर्धा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एकतृतीयांश काळ कोठडीत काढलेल्या आरोपीची सुटका व्हावी आणि त्यासाठी कारागृह अधीक्षकानेच न्यायालयाकडे अर्ज करावा. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना मात्र हे कलम वगळते, आणि म्हणूनच किरकोळ फिर्यादींची माळ गळ्यात पडलेल्या पारधी तरुणापर्यंत त्याचा लाभ पोचत नाही. जामीन मंजूर झाल्यावरही माळेगाव, सोमेश्वरनगर किंवा भवानीनगरच्या कारखान्यावर बीडहून आलेला ऊसतोड मजूर स्थानिक जामीनदार, सातबारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला कोठून आणणार? परजिल्ह्यातील जामीनदार नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणात 1978 मध्येच सांगितले. त्याच न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांनी त्यात भर घातली, की जामीन मिळून सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिनाभरात बंधपत्र न भरल्यास न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार करावा.

हे सर्व घडवून आणण्यासाठी नव्या संस्थेची आवश्यकता नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार कोठडीतील प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीची रचना कायद्यातच आहे. बारामती आणि इंदापूर येथे या समितीच्या वकिलाने कोठडीतील प्रत्येक कच्च्या कैद्याची कोठडीची मुदत कलम 479 च्या हिशेबाने तपासावी, जामीन मिळूनही अडकलेल्यांची यादी न्यायालयापुढे ठेवावी, रजा नाकारली असेल तर कारणांसह लेखी निर्णय मागावा, आणि कोठडीत येणाऱ्या प्रत्येकाला नियमांचा मराठी मजकूर द्यावा, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावा. नियम मोडल्याबद्दल माणसाला कोंडणाऱ्या शासनाने त्याला कोंडताना स्वतःचे नियम पाळलेच पाहिजेत, कारण शिक्षा देण्याचा त्याचा नैतिक अधिकार याच पालनावर टिकून आहे.