माइंड मॅप उसना घेऊ नये

परीक्षा जवळ आल्या की झेरॉक्सच्या दुकानांत हुशार मुलांच्या नोट्सना मागणी येते. आता त्यांत रंगीत माइंड मॅपची भर पडली आहे. एका पानावर अख्खा धडा! पालक हौसेने घेतात, मुले अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवतात आणि पेपर हातात पडला की काहीच आठवत नाही. मग बोल लागतो तो मुलाच्या स्मरणशक्तीला. चूक मात्र दुसऱ्याचा मॅप उसना घेण्यात असते.

ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीवरील मालिकेतून ही पद्धत लोकप्रिय केली. पानाच्या मध्यभागी विषय, त्यातून फुटणाऱ्या फांद्यांवर मुद्दे, उपफांद्यांवर तपशील. प्रत्येक ठिकाणी एखादाच शब्द. तिच्या प्रचारात मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांविषयी बरेच दावे केले गेले. डावा भाग तर्काचा, उजवा कल्पनेचा अशी सरळ वाटणी मेंदूविज्ञानाला मान्य नाही. पद्धतीचा उपयोग आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे.

समजा, नर्सिंगची विद्यार्थिनी मधुमेहाचा मॅप काढते आहे. लक्षणे, तपासण्या, उपचार, गुंतागुंत अशा फांद्या झाल्या. ‘पायाची जखम’ कुठे लिहायची, इथे ती अडते. मज्जातंतूंची हानी झाल्याने जखम जाणवत नाही, रक्तपुरवठा कमी झाल्याने ती भरत नाही. म्हणजे दोन्हीकडून रेघ ओढावी लागते. त्या क्षणी विषय समजतो. छापील मॅपमध्ये ती रेघ आधीच ओढलेली असते. अडायला, विचार करायला जागाच उरत नाही.

मात्र मॅप काढला म्हणजे अभ्यास झाला, असेही नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील कार्पिकी आणि ब्लंट यांचा प्रयोग २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले. माइंड मॅपच्याच जवळचा हा प्रकार. इतरांनी मजकूर वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढले. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे सरस ठरले. थोडक्यात, पुस्तक मिटून काढलेला मॅपच खरी परीक्षा घेतो. जी फांदी रिकामी राहते, तिथे पुन्हा वाचायचे.

प्रत्येकाला फांद्याच मानवतील असेही नाही. गणितातील सिद्धता किंवा इतिहासातील घटनाक्रम ओळीने लिहिलेलाच बरा. कुणाला तक्ता सोपा जातो, कुणाला समासात लिहिलेले प्रश्न. वैद्यकीय विद्यार्थ्यांवरील २००२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात माइंड मॅपने माहिती थोडी अधिक लक्षात राहिली. पण अंगवळणी नसलेल्या या पद्धतीत विद्यार्थ्यांचा उत्साह मात्र कमी पडला. म्हणून सक्ती नको. एकच धडा दोन पद्धतींनी उतरवावा, आठवड्याने वही न उघडता लिहून पाहावा; ज्या पद्धतीने जास्त आठवले, ती आपली.

शाळांनी वहीच्या टापटिपीला गुण देताना एवढी मोकळीक ठेवायला हवी. खाडाखोड असलेली, बाण इकडून तिकडे गेलेली वही बघून पालकांनीही लगेच रागावू नये. कदाचित त्याच पानावर मुलाने पहिल्यांदा स्वतः विचार केलेला असेल.