दोन आज्या आणि तेरा खेळाडू

गेल्या रविवारी आमच्याकडे दोन्ही विहिणी जेवायला एकत्र होत्या. माझी आई इथली, शहापूरची, सासूबाई धारवाडच्या. आमच्या धाकटीनं बोबडं बोलायच्या वयातच दोघींची वाटणी करून टाकली होती. एक 'आजी' आणि दुसरी 'अज्जी'. एका अक्षराच्या फरकावर दोन भाषा सांभाळणारी ही पोर आता नववीत आहे. जेवणं झाल्यावर आईनं विचारलं, "पोट भरलं का गं?" त्याच वेळी सासूबाईंनीही विचारलं, "ऊटा आतेनु?" मोबाईलवरची नजर न काढता धाकटीनं दोघींना मिळून एकच उत्तर दिलं, "आय अ‍ॅम डन."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि पानं उचलायला लागल्या. मला मात्र हसू आलं नाही. मला २०१८ सालचा एक फोन आठवला.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. पीयूसीला माझ्या वर्गात होता, पुढे इंजिनिअर झाला. आपल्या जिल्ह्यात विमानांचे सुटे भाग बनवायचा उद्योग आता चांगला रुजला आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्याच कामासाठी त्याला फ्रान्समधल्या तुलूझला दोन वर्षं राहावं लागलं. तिथला एक सहकारी त्याला सुटीत आपल्या गावी, पेर्पिन्यांला घेऊन जायचा. हे गाव फ्रान्सच्या दक्षिण टोकाला आहे, स्पेनच्या सीमेला लागून. एकदा तिथून त्याचा फोन आला. "सर, हे तर आपलंच बेळगाव आहे! दुकानात एक भाषा, घरात दुसरी आणि मैदानावर तिसरी."

मैदानावरची तिसरी भाषा म्हणजे इंग्रजी. कारण या गावाचा 'कॅटलन्स ड्रॅगन्स' हा संघ उत्तर इंग्लंडच्या रग्बी लीग स्पर्धेत खेळतो.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगतो. नेहमीच्या रग्बीत पंधरा जण असतात, यात तेरा. लंबगोल चेंडू घेऊन पळायचं आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवायचा. तो टेकवला की चार गुण. पण हातानं चेंडू पुढे द्यायची मुभा नाही, साथीदाराला तो मागेच द्यायचा. समोरचे गडी कबड्डीतल्यासारखी कंबर धरतात, पाय धरतात आणि पाडतात. पडलेल्यानं उठायचं, चेंडू पायानं मागे सरकवायचा आणि पुन्हा सुरू. असे सहा वेळा अडवले गेलात की चेंडू दुसऱ्या संघाकडे. थोडक्यात, कबड्डीचा दम आणि कुस्तीची ताकद, दोन्ही हवं.

या खेळाचा जन्मच मुळी मजुरीच्या प्रश्नातून झाला. उत्तर इंग्लंडमध्ये गिरणी आणि खाण कामगार रग्बी खेळत. सामन्यासाठी कामावरची रजा पडली की त्यांचा रोज बुडे. त्याची भरपाई द्यावी, अशी तिथल्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या मंडळींना वाटे, सभ्य माणसानं पैशासाठी खेळू नये. ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्याला असं वाटायला काय जातं? अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या एका हॉटेलात बैठक झाली आणि बावीस क्लबांनी वेगळी चूल मांडली. विगन, सेंट हेलन्स, वॉरिंग्टन, वेकफील्ड अशा जवळजवळच्या गावांतच हा खेळ मुख्यतः राहिला.

मग तो फ्रान्सच्या सीमेवर कसा पोचला? १९३४ च्या सुमारास ज्याँ गालिया या खेळाडूनं तो तिकडे नेला. गालिया स्वतः पेर्पिन्यांच्याच मुलखातला. दक्षिणेकडच्या गावांनी खेळ उचलून धरला. पण दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडला आणि जर्मनांपुढे मान तुकवणारं विशी सरकार आलं. त्यानं डिसेंबर १९४१ मध्ये हुकूम काढून तेरा जणांच्या रग्बीची संघटनाच बरखास्त केली आणि तिची मालमत्ता जप्त केली. एखाद्या खेळावर सरकारनं अशी बंदी आणल्याची उदाहरणं विरळाच. युद्ध संपल्यावर खेळ परत आला, पण 'रग्बी' हे नाव काही परत मिळेना. पुढची कित्येक दशकं त्याला नुसतं 'तेराचा खेळ' म्हणावं लागलं. पेर्पिन्यांच्या मैदानाला ज्याचं नाव आहे तो जिल्बेर ब्रुतुस रग्बीतलाच माणूस. जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात तो पकडला गेला आणि १९४४ मध्ये गेस्टापोच्या छळात त्याचा अंत झाला.

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे या गावाची सनावळी बघायचा मोह मला आवरला नाही. हा मुलूख मूळचा कॅटलन भाषेचा, बार्सिलोनाच्या बाजूचा. नोव्हेंबर १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात तह झाला आणि पिरिनीज डोंगराची रेघ सीमा ठरली. उत्तरेकडचे कॅटलन एका सहीनं फ्रेंच झाले. त्याच नोव्हेंबर महिन्यात आपल्याकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान पडला होता. पुढे १७०० साली चौदाव्या लुईनं सरकारी कागदपत्रांतून कॅटलन भाषा हद्दपार केली. नंतर शाळा आल्या आणि शाळेत कॅटलन बोललं की शिक्षा. तिथल्या एका डोंगरी गावात शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं : फ्रेंच बोला, स्वच्छ राहा. म्हणजे आईची भाषा ती अस्वच्छ! हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तर त्या २०१८ च्या हंगामाविषयी. ही लीग फेब्रुवारीला सुरू होते आणि ऑक्टोबरपर्यंत चालते. त्या वर्षी तिच्यात बारा संघ होते. अकरा इंग्लंडचे आणि हा एकटा सीमेपलीकडचा. २००६ पासून हा संघ दर पंधरवड्याला विमानानं इंग्लंडला जायचा, थंडीपावसात खेळायचा आणि बहुतेक वेळा हरून परत यायचा. २००७ मध्ये तो चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता, पण सेंट हेलन्सनं त्याला ३०–८ असं हरवलं. २०१७ मध्ये तर लीगमधून बाहेर फेकला जायची वेळ आली. शेवटचा सामना लीह संघाशी, त्यांच्याच मैदानावर. जिंकला तो लीगमध्ये राहणार, हरला तो खाली जाणार. ड्रॅगन्सनं तो २६–१० असा जिंकला आणि जीव वाचवला.

२०१८ ची सुरुवातही तशीच झाली. पराभवांची रांग लागली आणि संघ तळाला गेला. माझा विद्यार्थी दर रविवारी फोन करायचा आणि आवाजावरूनच निकाल कळायचा. एकदा मी त्याला म्हटलंही, "अरे, तू बेळगावचा. तुझा त्या गावाशी काय संबंध?" तो म्हणाला, "सर, हरणाऱ्या सीमेवरच्या माणसाशी आपला संबंध नाही तर कुणाचा?"

उन्हाळा आला तसा संघ सावरला. प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्नामारा इंग्लंडमधल्या हलचा. खेळाडूंत स्थानिक पोरं होती, तशी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडचीही. ऑगस्टमध्ये चॅलेंज कपच्या उपांत्य सामन्यात त्यांनी सेंट हेलन्सला ३५–१६ असं लोळवलं. त्या वर्षी लीगमध्ये पहिला आलेला संघ तो! आणि २५ ऑगस्टला, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, वॉरिंग्टनवर २०–१४ असा विजय. इंग्लंडबाहेरच्या संघानं हा कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोनी जिगो. तो मानही एका फ्रेंच खेळाडूला पहिल्यांदाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा होती. घरात नारळीभाताची तयारी चाललेली आणि त्यात हा फोन. मागे नुसता कल्लोळ. सहकाऱ्याच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसून गात होते. ते गाणं कॅटलन भाषेतलं, स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही असताना लुईस ल्याकनं रचलेलं. आज ते या मैदानावरचं जणू कुलगीत झालं आहे.

पण विद्यार्थ्यानं पुढे जे सांगितलं, ते मी अजून विसरलेलो नाही. त्या घरात तीन पिढ्या होत्या. आजोबा कॅटलन बोलतात. शाळेत त्यासाठी त्यांनी मार खाल्लेला. म्हणून त्यांनी ठरवलं, आपल्या मुलाला ते भोगायला लागू नये. मुलाशी फ्रेंचच बोलले. मुलाला कॅटलन समजते, पण जिभेवर येत नाही. आणि नातू? त्याला ते गाणं तोंडपाठ आहे, अर्थ विचारला तर खांदे उडवतो. "सर," विद्यार्थी म्हणाला, "आजोबा गाताना रडत होते. मला वाटलं आनंदानं. नंतर म्हणाले, माझ्या नातवाशी मी माझ्या भाषेत फक्त सामन्याच्या दिवशी बोलतो."

पुढच्या वर्षी, १८ मे २०१९ ला, ड्रॅगन्सनं विगनविरुद्धचा सामना सीमेपलीकडे बार्सिलोनाच्या काम्प नोउ मैदानावर ठेवला. ३१,५५५ प्रेक्षक आले आणि ड्रॅगन्स ३३–१६ असे जिंकले. आजोबा नातवाला घेऊन गेले होते. तिथे दुकानदार, बसवाला, शाळकरी मुलं, सगळे कॅटलन बोलत होते. नातू थक्क झाला. ही भाषा भांडायला आणि भाजी घ्यायलाही वापरतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं! परत आल्यावर तो आजोबांना रोज एक शब्द विचारू लागला, असं कळलं. पेर्पिन्यांतही १९७६ पासून कॅटलन माध्यमाच्या काही शाळा चालतात, त्या लोकांनी चिकाटीनं उभ्या केल्या आहेत.

वाचकहो, आपल्याकडे १९५६ मध्ये रेघ ओढली गेली. तिच्याविषयी बोलायला मंडळी पुष्कळ आहेत. मला माझ्या स्वयंपाकघराची काळजी वाटते. तिथे मराठी आणि कन्नड गेली कित्येक वर्षं एका ताटात जेवत आली. धाकटीला कुणी शिक्षा केली नाही, कुठल्या भिंतीवर काही लिहिलं नाही. तरी तिनं दोन्ही आज्यांना तिसऱ्याच भाषेत वाटेला लावलं. आणि दोष तिचा नाहीच. 'इंग्रजी सुधारेल' म्हणून लहानपणापासून तिच्याशी तसं बोलणारे आम्हीच दोघं.

त्या रात्री मी तिला ही तेरा खेळाडूंची गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही. तो तिला आवडत नाही आणि मला जमत नाही. ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "बाबा, त्या आजोबांना काय म्हणतात त्यांच्या भाषेत?" मला सांगता आलं नाही. मी त्या विद्यार्थ्याला विचारतो म्हटलं.

काल सकाळी सासूबाई धारवाडला परत निघाल्या. धाकटी दारापर्यंत पोचवायला गेली. "अज्जी, मत्ते यावाग बरती?" असं काहीतरी ती अडखळत म्हणाली. क्रियापद चुकलं असावं, कारण आमच्या सौ. आतून हसल्या. सासूबाईंनी मात्र चूक काढली नाही. पिशवी खाली ठेवली आणि दहा मिनिटं उंबऱ्यातच बोलत उभ्या राहिल्या. धारवाडची बस चुकली. पुढची तासानं होती. कुणाचीच तक्रार नव्हती.