'व्यवसाय : काही नाही'?

रस्त्यानं चाललेल्या बाईला ट्रक धडक देतो. ती जगते, पण उजवा हात कामाचा राहत नाही. भरपाईच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यापुढे घरचेच लिहितात, 'काही नाही'. मग पहाटेपासून पाणी, स्वयंपाक, म्हाताऱ्यांची उस्तवार हे सगळं कोण करत होतं?

कायद्याचा हिशेबही फार वेगळा नव्हता. मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरलं होतं. २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं अपघातात मेलेल्या गृहिणींच्या घरकामाचं मोल मान्य केलं. पण बाईच्या कामाची किंमत कळायला तिनं मरायलाच हवं का? जखमी बाईनंही ती मागितली पाहिजे.

घाईनं सही करू नका. कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात; पण ते स्वीकारले की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. हा दावा आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा.

मैत्रिणींनो, अशा बाईच्या घरी जाल तेव्हा वही न्या. ती काय काय करत होती, आता ते कोण करतं, त्यासाठी किती पैसे मोजावे लागतात, सारं तारीखवार लिहा. औषधांच्या पावत्यांसारखा हाही पुरावाच आहे. आणि त्या रकान्यात ठसठशीत लिहा : घरकाम.