दुकानात हिशोब बरोबर, वहीत मात्र चूक. पोरांचं गणित नेमकं अडतं कुठं?

जालना एमआयडीसी : भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या इथल्या कारखान्यांत जिल्ह्यातल्या गावांसोबत बिहार, उत्तर प्रदेशातूनही कामगार येतात. त्यांच्या घरात हिशोब रोजचाच. हजेरी किती भरली, ओव्हरटाइम किती झाला, किराण्याची उधारी किती राहिली. अशा घरातलं सात-आठ वर्षांचं पोरगं ५० ची नोट घेऊन ३२ रुपयांचं सामान आणतं आणि उरलेले १८ रुपये बरोबर मोजून घेतं. वहीत मात्र '५० – ३२' मांडलं की हातच्यात अडकतं. मग 'याला गणित येतच नाही' असा शिक्का बसतो.

'असर २०२४' हा ग्रामीण भागाचा अहवाल सांगतो, की देशात तिसरीतल्या १०० पैकी जेमतेम ३४ मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमते. केंद्राने ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' सुरू केलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि साधं गणित करता यावं, यासाठी मुदत ठरली २०२६-२७ ची.

बाजारातली पोरं काय सांगतात?

नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचं गणित तपासलं. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते छापून आलं. बाजारातली मुलं अवघड हिशोब तोंडी, झटपट करत होती. शाळेच्या पद्धतीने तसंच गणित दिलं की गडबडत होती. उलट, शाळेत चांगलं गणित करणारी मुलं बाजारच्या हिशोबात अडखळली. म्हणजे नुसता बाजार पुरत नाही आणि नुसती वहीही पुरत नाही. दोन्ही जोडायला कुणीतरी लागतं, आणि ते काम शाळेचं आहे.

पोरं डोक्यात काय करतात?

५० मधून ३२ काढताना दुकानदार हातचा घेत नाही. ३२ वरून ४० ला ८, ४० वरून ५० ला १०, झाले १८. पोरंही हेच करतात. ८ आणि ५ ची बेरीज लहान मूल आधी एकपासून बोटं मोजून करतं. पुढे ८ धरून '९, १०, ११' असं मोजतं. त्याच्यापुढे गेलं की ५ मधले २ देऊन ८ चे १० करतं, उरलेले ३ मिळवतं. या तीन पायऱ्या आहेत. बोटं मोजतो म्हणून चापट मारली, तर पोरगं पुढची पायरी चढत नाही, पाठ केलेलं उत्तर शोधत बसतं.

बोलायचं उलटं, लिहायचं सुलटं

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'बहात्तर' म्हणताना आधी दोन येतात, लिहिताना आधी सात. म्हणून पोरं ७२ ला २७ लिहितात. हिंदी बोलणाऱ्या घरातल्या मुलांचंही तेच, कारण हिंदीतही आकडे असेच उलटे बोलतात. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर दोन' असं वाचन दिलं. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. भाषा बिघडेल म्हणून वाद थेट विधानसभेत गेला. त्या गोंधळात मुलांची अडचण बाजूलाच पडली.

गावाने काय करावं?

एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग असतील, वर इतर कामं असतील, तर प्रत्येक पोराचं डोकं कसं चालतं हे बघायला वेळ कुठून येणार? म्हणून सगळा दोष शिक्षकांवर टाकून भागणार नाही. पण शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. बैठकीत खिचडी, गणवेश आणि बांधकामाबरोबर एवढंही विचारता येतं : तिसरीतल्या किती मुलांना वजाबाकी येते? वर्गात मणी, काड्या, खोट्या नोटा वापरतात का?

घरी तर खर्च शून्य. पोराने उत्तर दिलं की 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणण्याआधी विचारा, 'कसं काढलंस रे?' मग तेच त्याला वहीत मांडायला सांगा. पाढे लागतातच, पण पाठांतर आणि समज हातात हात घालून गेली पाहिजे. तिसरीत हे सुटलं, तर पाचवीचा भागाकार अवघड जातो. उद्या पगाराच्या स्लिपवरची कपात तपासायलाही दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं.