इंजिन बदलायच्या आधी दोष शोधा



काजूच्या बागेसाठी बसून चालवायचं गवत कापायचं मशीन मी गोव्याकडच्या एका हॉटेलातनं जुनं घेतलं होतं. दिवाळीनंतर गवत निघालंच पाहिजे. नाहीतर फेब्रुवारीत बी पडायला लागली की ती गवतात सापडत नाही, आणि उन्हाळ्यात वणवा आला तर झाडंच जातात. कापणीला माणूस मिळत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

गेल्या दिवाळीत मशीन सुरूच होईना. इंजिन एफआय, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर ठरवतो. स्टार्टर फिरतोय, इंजिन धरत नाही. एक मिस्त्री म्हणाला, "कॉम्प्युटर गेलाय ह्याचा. काढा आणि कार्बोरेटरवालं बसवा." खरं सांगतो, मलाही तेच ऐकायचं होतं.

बदलताना जे शिकलो ते आधी सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

शाफ्ट: आपल्या वीडरचं, पंपाचं इंजिन आडव्या शाफ्टचं. ह्या मशीनला उभा शाफ्ट लागतो. घरातलं पडलेलं इंजिन बसवू हा विचार सोडा. उभ्या शाफ्टचं मिळालं तरी जाडी, लांबी, चावीची खाच आणि बोल्टच्या भोकांचं अंतर मोजून घ्या. मी लांबी मोजली नाही. पुली अर्धा इंच खाली आली, पट्टा तिरका पळाला आणि दोन दिवसांत कातरला. शेवटी लेथवाल्याकडं जावं लागलं.

पेट्रोल पंप: एफआयचा पंप बहुतेक 40 पीएसआयच्या आसपास दाब देतो. कार्बोरेटरला 3-4 पीएसआय पुष्कळ झाले. जुना पंप तसाच जोडला तर सुई दाब धरत नाही, पेट्रोल उतू जातं, इंजिन ऑइलमध्ये उतरतं. जुना पंप काढा, टाकीकडं परत जाणारी नळी असेल तर ते तोंड नीट बंद करा.

वायरिंग: एफआयला चावी फिरवली की 12 व्होल्ट जातात. कार्बोरेटरवाल्या मॅग्नेटो इंजिनात बंद करायची जी वायर असते तिला अर्थ द्यायचा असतो. तिच्यात 12 व्होल्ट सोडले तर कॉइल जळते. पात्याचा क्लच विजेवर चालणारा असेल तर नव्या इंजिनाचं चार्जिंग तेवढं आहे का तेही बघा. आणि सीटखालचा स्विच तोडून थेट जोडू नका. माणूस खाली पडला तर पातं थांबावं म्हणून तो असतो.

हे सगळं होऊन मशीन चालू व्हायला डिसेंबर संपला. जुनं पण चालू इंजिन, लेथ, वायरिंग, वाहतूक मिळून साठ हजारांवर गेले. दोन एकर गवत तसंच राहिलं. त्या पट्ट्यातली बी निम्मीसुद्धा हाताला लागली नाही.

आता मुख्य गोष्ट. जुनं इंजिन गडहिंग्लजच्या एका पोरानं भंगाराच्या भावात नेलं. आठ दिवसांनी त्यानं व्हिडिओ पाठवला. इंजिन सुरू! कॉम्प्युटर चांगलाच होता. पंप गंजलेला होता, कारण टाकीत पेट्रोल ठेवून मी मशीन चार महिने पावसाळ्यात उभं केलं होतं.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि पेट्रोल उचललं जातं ते तळातनंच. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. तेच पेट्रोल कार्बोरेटरमध्ये राहिलं असतं तर जेट चोंदला असता. म्हणजे इंजिन बदलून माझी चूक काही बदलली नाही.

म्हणून माझं मत असं. ब्लॉक फुटला असेल, किंवा कॉम्प्युटर खरोखर गेलाय हे तपासून कळलं आणि तो मिळतच नसेल, तर इंजिन जरूर बदला. पण त्याआधी बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, फिल्टर, पंप आणि टाकीतलं पेट्रोल बघा. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ठेवा.

एफआयला नावं ठेवून चालणार नाही. एप्रिल 2020 नंतरच्या गाड्या बहुतेक एफआयच आहेत, आणि गावोगावचे मिस्त्री त्या शिकले. 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी 2023 पासून धुराचे नवे नियम लागले, तिथंही कॉम्प्युटर आला. पण शेतीच्या मशीनचा दोष वाचायचं यंत्र आणि वायरिंगचा नकाशा गावातल्या मिस्त्र्याला मिळत नाही. केंद्र सरकारनं 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेती अवजारं होती. ते कागदावरनं तालुक्याला यायला पाहिजे. आयटीआय आणि कृषी विज्ञान केंद्रांनी दिवाळीआधी दोन दिवसांचा वर्ग घेतला तरी पुष्कळ होईल.

माझे साठ हजार गेले. ते इंजिनामुळं नाही, न तपासता दिलेल्या एका वाक्यामुळं गेले. आणि ते वाक्य मी लगेच खरं मानलं म्हणून गेले. तुमच्याकडं असं काही घडलं असेल तर खाली लिहा, पुढच्याचे वाचतील.