पाहुणी म्हणे!

गेल्या दिवाळीत माझा भाचा बेळगावला आला होता. मी कागद पसरून बसलेली पाहून म्हणाला, "मावशी, कुणाबद्दल लिहूलालीस?" म्हटलं, सुझन ऑलिव्हर. नाव काही त्याला लागेना. मग फोनवर बोट फिरवलं आणि चेहरा एकदम उजळला. "हात्तिच्या! ती हिरवी बाई होय!"

राग आला मला. पोराचा नाही, तो बिचारा जे दिसलं ते बोलला. पण एका बाईनं वीस-पंचवीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काम करावं, एकटीनं विमान चालवत अटलांटिक ओलांडावा, दिग्दर्शनाची खुर्ची मिळवावी, आणि जगानं तिचा हिशेब काय ठेवला, तर अंगाला फासलेला रंग!

गंमत म्हणजे माझ्यापुरती ती बाई कधी हिरवी नव्हतीच. 'स्टार ट्रेक' मी पाहिली ती दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, शेजारच्या काकूंच्या कृष्णधवल टीव्हीवर. भाग संपून नावं येऊ लागली की मागे जी चित्रं दिसत, त्यांत एक केस मोकळे सोडलेली बाई असायची. आमच्या दृष्टीनं ती करडी. ती हिरवी आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. म्हणूनच असेल, तिचा चेहरा माझ्या लक्षात राहिला, आणि पुढं मी तिचे जुने भाग एकेक करून शोधून पाहिले.

तिच्याविषयी जिथं म्हणून लिहिलेलं असतं तिथं एकच शब्द: पाहुणी कलाकार. या शब्दाशीच माझं भांडण आहे. आमच्या भागात पाव्हणा आला की त्याला पाट, पाणी, ताट. आणि पाव्हणी आली की? दोन घोट चहा झाला की ती पदर खोचून स्वयंपाकघरात. भाकरी थापायला तिचे हात, निघताना मात्र ओटीत मूठभर तांदूळ आणि "पुन्हा या हं." टीव्हीवरची पाहुणी याहून वेगळी नव्हती.

त्या काळातल्या अमेरिकन मालिकांची घडण बघा म्हणजे माझं म्हणणं पटेल. नायक दर आठवड्याला तोच. पुढच्या आठवड्यात त्याला होता तसाच परत यायचं असतं. तेव्हा त्याला लग्न करता येत नाही, मरता येत नाही, वेड लागून चालत नाही, मोठं पाप करून पस्तावताही येत नाही. मग गोष्ट घडायची कुणाच्या आयुष्यात? पाहुण्याच्या. प्रेम तिनं करायचं, फसायचं तिनं, रडायचं तिनं, पन्नास मिनिटांत एक अख्खा जन्म जगून दाखवायचा तिनं. नायकानं शेवटी टोपी घालून निघून जायचं. पगारी अभिनय कुणाचा आणि खरा अभिनय कुणाचा, सांगा बघू!

सुझन ऑलिव्हर हे काम करत राहिली. 1932 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ही मुलगी. 'वॅगन ट्रेन'मध्ये तिनं निरनिराळ्या बायका रंगवल्या, तिथं भागांची नावंच मुळी पाहुण्यांवरून असत. 1963 मध्ये 'द फ्युजिटिव्ह'च्या दोन भागांच्या कथेत ती होती. त्या मालिकेचा नायक बायकोच्या खुनाचा खोटा आळ घेऊन पळत सुटलेला डॉक्टर. समुद्रकाठच्या एका गावात तो शिडं शिवायच्या कारखान्यात कामाला लागतो आणि तिथल्या मालकाच्या मुलीचा त्याच्यावर जीव जडतो. ती मुलगी म्हणजे सुझन. डॉक्टरला पुढं पळायचंच होतं, मालिका चार वर्षं चालायची होती. मागं राहण्याचं काम तिचं. 'अँडी ग्रिफिथ शो' हा साधासरळ विनोदी, खेड्यातल्या फौजदाराचा. त्यात 1964 मध्ये ती एका रात्रीपुरती कोठडीत ठेवलेली दागिनेचोर होऊन आली आणि त्या हसऱ्या मालिकेत तिनं भलताच गंभीर, अस्वस्थ करणारा एक भाग करून ठेवला. 'पेटन प्लेस'मध्ये तर ती पाहुणी नव्हे, घरची म्हणून आली. काही महिन्यांतच तिच्या पात्राला मारून टाकलं.

1960 च्या मार्चमध्ये आलेला 'द ट्वायलाइट झोन'चा एक भाग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पृथ्वीवरचा माणूस मंगळावर पोचतो. तिथले लोक अगदी आपल्यासारखे, गोड बोलणारे. त्याच्यासाठी हुबेहूब पृथ्वीवरच्यासारखं घर बांधून देतात. मग भिंत सरकते, पलीकडं गज आणि बघायला जमलेली गर्दी. ते घर म्हणजे प्राणिसंग्रहालयातला पिंजरा. सुझन त्या मंगळवासीयांतली एक. संवाद अगदी थोडे. पण हे काय चाललंय ते ठाऊक असलेली आणि त्याची लाज वाटणारी तिथं ती एकटीच. ती लाज तिनं नुसत्या डोळ्यांनी, मान वळवून दाखवली आहे. असं काम ज्याला दिसतं त्यानं "हिरवी बाई" म्हणू नये.

आता त्या हिरव्या रंगाचंच बोलू. 1964 च्या अखेरीस 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुना-भाग चित्रित झाला, 'द केज', म्हणजे पिंजराच. वाहिनीनं तो नाकारला. पुढं 1966 मध्ये त्याचे तुकडे जोडून दोन भागांची वेगळी कथा दाखवली. त्यात सुझन व्हिना नावाच्या बाईचं काम करते. परग्रहावरचे लोक माणसाला कैद करून त्याच्या मनात आभास निर्माण करतात आणि स्वतः मजा बघतात. कप्तानानं भुलावं म्हणून व्हिनाला दर वेळी नवं रूप देतात. कधी किल्ल्यातली संकटात सापडलेली तरुणी, कधी झाडाखाली शिदोरी सोडणारी गृहिणी, कधी पुरुषांच्या मेजवानीत नाचणारी हिरवी गुलाम. नाच जेमतेम काही मिनिटांचा. शेवटी खरी व्हिना दिसते. अपघातात छिन्नविच्छिन्न झालेली, माणसाचा देह कसा असतो हे ठाऊक नसलेल्यांनी चुकीचा जोडलेला देह घेऊन म्हातारी झालेली. आपलं खरं रूप बाहेर कुणी पाहू नये म्हणून ती तिथंच राहते.

एका तासात एका नटीनं इतकं सगळं केलं. आणि भिंतीवर लावायला, कपांवर छापायला लोकांनी काय उचललं? नाच. त्या खऱ्या, मोडक्या व्हिनाचं पोस्टर मी अजून कुठं पाहिलेलं नाही. कथेतले परग्रहवासी जे करत होते तेच प्रेक्षकांनी साठ वर्षं केलं. पिंजऱ्यातल्या बाईचं हवं ते रूप काढून घेतलं, उरलेली बाई आत ठेवली.

"तिला जे जमलं तेवढं मिळालं," असं म्हणणारे भेटतातच. गुणी असती तर मोठी झाली असती, बाजार कुणावर अन्याय करत नाही वगैरे. या बाजाराचे आकडे ऐका. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेतल्या सहा बायकांनी स्वतः कागदपत्रं चाळून मोजदाद केली. 1949 ते 1979 या तीस वर्षांत मोठ्या कंपन्यांनी वितरित केलेले चित्रपट 7,332. त्यांतले बायकांनी दिग्दर्शित केलेले 14. टीव्हीवरच्या मुख्य वेळेतलं नाट्य 65,500 तास, त्यातले बायकांच्या वाट्याचे 115, आणि त्यातलेही 35 एकट्या आयडा लुपिनोचे. एवढ्या बारीक फटीतून कुणी अंग चोरून आत शिरलं तर त्याला गुण म्हणायचं की चमत्कार?

सुझन त्या फटीतून शिरली. 1974 मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं बायकांसाठी दिग्दर्शनाचा वर्ग काढला. पहिल्याच तुकडीत माया अँजेलो, एलन बर्स्टिन, ली ग्रँट यांच्यासोबत ती होती. आणि 1982 च्या ऑक्टोबरमध्ये 'मॅश'च्या शेवटच्या मोसमाचा पहिलाच भाग तिनं दिग्दर्शित केला. कोरियाच्या युद्धातल्या लष्करी इस्पितळाची ही मालिका. या भागाचा विषय बघा. नर्स केली वर्षानुवर्षं मागं उभी, हातात औजारं, तोंडी एखादं वाक्य. देखण्या नर्सांच्या मागं लागणाऱ्या डॉक्टरला ती कधी दिसलेलीच नसते. या भागात ती त्याला तोंडावर सुनावते. मग तोच डॉक्टर तिला एका मरणाऱ्या सैनिकाजवळ बसलेली बघतो आणि पाहतच राहतो. केलीचं काम करणारी केली नाकाहारा ही नटीही मालिकेत पहिल्यापासून अशीच मागं उभी होती. एका न दिसलेल्या बाईनं दुसऱ्या न दिसलेल्या बाईकडं कॅमेरा वळवला. त्यानंतर सुझनच्या हाती आणखी काम किती आलं? दुसऱ्या एका मालिकेचा भाग. बस्स.

विमानाचं मी थोडक्यात सांगते, कारण ते सांगितलं की लोक तिच्या अभिनयाबद्दल बोलायचं विसरतात. 1959 मध्ये ती बसलेलं प्रवासी जेट अटलांटिकवर हजारो फूट कोसळत जाऊन कसंबसं सावरलं. पुढं वर्षभर ती विमानात बसली नाही. मग ती भीती घालवून स्वतः उडवायला शिकली. 1967 मध्ये एक इंजिनाचं विमान घेऊन एकटी न्यूयॉर्कहून मॉस्कोला निघाली. डेन्मार्कपर्यंत पोचली, रशियानं पुढं येऊ दिलं नाही. 1970 मध्ये बायकांची मोठी हवाई शर्यत सहवैमानिक म्हणून जिंकली. अमेलिया इअरहार्टवरच्या 1976 च्या टीव्ही-चित्रपटात अमेलियाला उडायला शिकवणाऱ्या बाईचं काम तिनं केलं आणि त्यासाठी एमीचं नामांकन तिला मिळालं. विजेती नव्हे, नामांकन.

पैशाचंही बोललं पाहिजे, आपल्याकडं कलेच्या गप्पांत पैसा काढला की नाकं मुरडतात. तिचे हे सारे भाग अजूनही जगभर दाखवतात. पण पुनःप्रक्षेपणाचे पैसे कायम मिळत राहावेत असा करार तिकडच्या नटांच्या संघटनेला मिळाला 1974 मध्ये. त्याआधीच्या कामाला ठरावीक खेपांपुरतेच. म्हणजे साठच्या दशकातली तिची उत्तम कामं कंपन्यांना दुभती म्हैस, आणि तिला? गोठा झाडून झाला, आता जा.

1990 मध्ये, 58 व्या वर्षी, ती कर्करोगानं गेली. 2014 मध्ये तिच्यावर एक माहितीपट निघाला. ज्यांनी केला त्यांनी मनापासून केला, मी त्यांची ऋणी आहे. पण त्याचं नाव? 'द ग्रीन गर्ल'. तिच्यावर जीव असलेल्यांनाही त्याच रंगाची पाटी लावल्याशिवाय दुकान उघडता आलं नाही.

भाचा म्हणाला, "बरं, मग मी पहिल्यांदा काय बघू?" गॅसच्या बिलामागं त्याला यादी करून दिली. 'मॅश'चा तो भाग सगळ्यात वर. त्यानं फोनवर शोधून थोडा पुढं-मागं करून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, यात ती कुठंच नाही की!"

म्हटलं, सुरुवातीची नावं वाच.

यादी तो टेबलावरच विसरून गेला. मी ती पोस्टानं पाठवली आहे.