महाजालातील मांडलिक

‘आमची सेवा टिअर वन आहे,’ असे इंटरनेट विकणारा सांगतो, तेव्हा ग्राहकाला ती वेगाची ग्वाही वाटते. हा समजच भ्रामक आहे. ही श्रेणी वेगाची नव्हे, देण्याघेण्याची आहे. कोणालाही मोल न देता, केवळ परस्पर विनामूल्य देवाणघेवाणीच्या करारांवर जो जगातील प्रत्येक जाळ्यापर्यंत पोहोचतो, तो पहिल्या श्रेणीचा. काही देवाणघेवाण करून उरलेली वाट विकत घेतो, तो दुसऱ्या श्रेणीचा. सारेच विकत घेऊन गल्लीबोळांत वाटतो, तो तिसऱ्या. राजकारणाच्या भाषेत पहिला सार्वभौम, तर तिसरा मांडलिक! आणि ही पदवी कोणतेही सरकार देत नाही. बलाढ्यांचे आपसांतील, बहुधा गोपनीय, करार हेच तिचे प्रमाणपत्र.

आपल्याकडील परवान्यांचे ए, बी, सी हे वर्ग निराळे. संपूर्ण देश, एक दूरसंचार परिमंडळ किंवा त्याहून लहान क्षेत्र, एवढाच त्यांचा अर्थ. ‘ए’ वर्गाचा परवाना मिळाल्याने कोणी सार्वभौम होत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आपण निव्वळ ग्राहक होतो. २००२ मध्ये निगम टाटा समूहाकडे गेला, २००६ मध्ये त्याने मूळची कॅनडातील टेलिग्लोब ताब्यात घेतली आणि आज टाटा कम्युनिकेशन्सची गणना पहिल्या श्रेणीत होते. हे कर्तृत्व अभिमानास्पदच. परंतु एका कंपनीची श्रेणी म्हणजे राष्ट्राचे स्वावलंबन नव्हे.

दोन भारतीय कंपन्यांत थेट जोड नसल्यामुळे पुण्याचा निरोप अमेरिकेला वळसा घालून नाशिकला पोहोचावा, अशी एकेकाळी आपली अवस्था होती. वळशाचे मोल अर्थातच आपणच भरत होतो. २००३ मध्ये ‘निक्सी’ हे राष्ट्रीय विनिमय केंद्र स्थापन झाले, ते यावरील उपाय म्हणून. मात्र केंद्रे उघडणे पुरेसे नाही. तालुक्यात तारा ओढणारा छोटा व्यावसायिक तेथे बड्यांशी थेट जोडला गेला, तर बड्यांचा एक ग्राहक कमी होतो. म्हणूनच स्वेच्छेवर विसंबणे व्यर्थ आहे. देशांतर्गत वाहतुकीची देवाणघेवाण देशातच करणे शासनाने सर्वांना बंधनकारक करावे.

वाचकांनीही जाहिरातीतील श्रेणीला भुलू नये. आपला पुरवठादार वाट कोणाकडून घेतो, विनिमय केंद्राशी जोडलेला आहे की नाही, हे त्याला निःसंकोच विचारावे. घरचा निरोप घरातूनच जावा, एवढी अपेक्षा स्वतंत्र राष्ट्राच्या नागरिकाने बाळगू नये काय?